किती तास बसलात, हे विचारणे थांबवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यसेवेचा किंवा केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की आठवडाभर वृत्तपत्रांत यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती येतात. त्या यायलाच हव्यात. खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींना त्यांतून बळ मिळते. पण या मुलाखतींत एक प्रश्न हमखास असतो, 'रोज किती तास अभ्यास केलात?', आणि उत्तराचा आकडा थेट मथळ्यात जातो. बारा तास, चौदा तास. मग पुढचे वर्षभर हजारो उमेदवार त्या आकड्याच्या मागे लागतात. सदाशिव पेठेपासून तालुक्याच्या गावापर्यंत अभ्यासिकांत पहाटेच जागा धरून बसलेली मुले रात्री हिशेब मांडतात तो तासांचा. त्या तासांतले डोक्यात किती उरले, याचा हिशेब मांडणारे फार थोडे. आम्ही काही शिक्षक या परीक्षांची तयारी करून घेतो. सवय लावायची ती नेमकी कशाची आणि ती कुठे मोडते, हे तपशिलाने सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. पत्र लांबले आहे. पण त्रोटक सल्ल्यांनीच या मुलांचे आजवर बरेच नुकसान केले आहे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची सवय आहे पुस्तक मिटवून आठवण्याची. एक उदाहरण घेऊ. उमेदवार वित्त आयोगाचे प्रकरण वाचतो. महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवतो, पुन्हा वाचतो, 'झाले' अशी खूण करतो. आता त्याच्यासमोर कोरा कागद ठेवा आणि आठवेल ते लिहायला सांगा. बहुतेकांच्या कागदावर उतरते ते एवढेच : अनुच्छेद २८०, पाच वर्षे, राष्ट्रपती. अध्यक्षाशिवाय चार सदस्य असतात, पाच वर्षांआधीही आयोग नेमता येतो, शिफारशी आणि त्यांवरील कार्यवाहीचे निवेदन संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवण्याची तरतूद अनुच्छेद २८१ मध्ये आहे, हे सुटलेले असते. राज्य वित्त आयोग अनुच्छेद २४३-आय खाली राज्यपाल नेमतात आणि त्याच्या शिफारशी विधिमंडळापुढे जातात, हे तर त्याने त्याच आठवड्यात पंचायत राजच्या प्रकरणात वाचलेले असते. पण दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी कधी ठेवलेल्या नसतात. परीक्षेतला प्रश्न नेमका याच सांध्यावर येतो. चार विधानांत कुठेतरी 'राज्यपाल'च्या जागी 'राष्ट्रपती' घातलेले असते, आणि दोनदा वाचलेल्या माणसाला ते वाक्य ओळखीचे वाटते म्हणून तो ते बरोबर ठरवतो.

ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्वच्छ दिसले. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, काही महिन्यांनी असते. तरीही बहुतेक उमेदवार पुन्हा वाचण्यालाच उजळणी म्हणतात, कारण त्यात सोपे वाटते आणि पाने भराभर उलटतात.

म्हणून रोज रात्री झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे कोरा कागद घ्यावा. दिवसभरात वाचलेल्या घटकाचे नाव वर लिहावे आणि पुस्तकाला हात न लावता आठवेल ते निळ्या शाईने उतरवावे. पंधरा मिनिटे झाली की पुस्तक उघडावे. सुटलेले आणि चुकलेले लाल शाईने त्याच कागदावर भरावे. सुरुवातीला कागद लालच लाल दिसतो. मुले इथेच खचतात आणि ही सवय चौथ्या-पाचव्या दिवशी सोडून देतात. त्यांना सांगायला हवे की तो लाल भाग हाच उद्याच्या अभ्यासाचा नकाशा आहे. पुढच्या वेळी संपूर्ण प्रकरण वाचायचे नाही, फक्त लाल ओळी वाचायच्या. यात जो वेळ वाचतो तो नव्या घटकाला मिळतो.

याच कागदांवर उजळणीचे वेळापत्रक उभे राहते. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तीन तारखा लिहाव्यात : उद्याची, आठवड्यानंतरची, महिन्यानंतरची. त्या त्या दिवशी आधी आठवायचे, मग कागद बघायचा. हिशेब करून पाहा. रोज एक नवा घटक घेतला, तर महिन्याभराने रोज तीन जुने घटक उजळणीला येतात. पहिल्या उजळणीला साधारण वीस मिनिटे, दुसरीला पंधरा, तिसरीला दहा, म्हणजे पाऊण तास. हा पाऊण तास दिवसाच्या सुरुवातीला ठेवावा, नवे वाचन हाती घेण्याआधी. रात्रीवर ढकललेली उजळणी होत नाही; कारण नव्या वाचनाने ठरवलेला वेळ ओलांडला की पहिली कात्री तिलाच लागते.

हे वेळापत्रक मोडतेही. घरी लग्नकार्य येते, आजारपण येते, नोकरी असणाऱ्याला सुट्टी मिळत नाही. तीन दिवस गेले की नऊ कागद साचतात आणि ते एकाच दिवशी संपवण्याच्या नादात सगळेच सुटते. त्यासाठी नियम आधीच ठरवून ठेवावा : खंड पडला तर नवे वाचन थांबवायचे, साचलेले कागद दोन-तीन दिवसांत वाटून घ्यायचे आणि मगच पुढे सरकायचे. रविवारचा अर्धा दिवस मुळातच मोकळा ठेवला तर निम्मी अडचण तिथेच सुटते. सातही दिवस काठोकाठ भरलेले वेळापत्रक पहिल्या पाहुण्याबरोबर कोसळते.

आता काय वाचायचे याविषयी. अभ्यासक्रम छापून टेबलासमोर चिकटवा, हा सल्ला सगळे देतात. तो पाळलाही जातो, पण तो कागद भिंतीवरच राहतो. त्याचा उपयोग असा करावा : कोणत्याही विषयाचे पुस्तक उघडण्याआधी मागील दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून त्या विषयाचे प्रश्न वेगळे काढावेत आणि प्रत्येक प्रश्नासमोर अभ्यासक्रमातला नेमका शब्द लिहावा. एका विषयाला तीन-चार दिवस लागतात. त्या दिवसांत पुस्तकाचे एक पानही वाचून होत नाही म्हणून मुले अस्वस्थ होतात; पण आयोग कोणत्या घटकाला किती खोलवर जातो, हे त्यांना पहिल्यांदा इथे कळते. कोणते प्रकरण तीनदा वाचायचे आणि कोणते चाळून सोडायचे, याचा निर्णय मग त्यांचा स्वतःचा असतो, क्लासच्या जाहिरातीचा नसतो.

एका विषयाला एक मुख्य पुस्तक. पाया कच्चा असेल तर त्याआधी बालभारतीची किंवा एनसीईआरटीची शालेय पुस्तके. एवढे पुरते. प्रत्यक्षात मात्र एकेका विषयाची चार पुस्तके, दोन क्लासच्या झेरॉक्स नोट्स आणि टेलिग्रामवरून उतरवलेल्या असंख्य पीडीएफ जमा होतात. साठवण्यालाच अभ्यास समजण्याची ही खोड फार नुकसान करते, कारण प्रत्येक नवी फाइल आधीच्या वाचनावरचा विश्वास थोडा कमी करते. नवे साहित्य घ्यायचेच असेल तर एकच कसोटी लावावी : जुन्या प्रश्नपत्रिकेतला कोणता प्रश्न आपल्या पुस्तकातून सुटत नाही? असा प्रश्न दाखवता आला तर तेवढ्याच घटकापुरते नवे साहित्य पाहावे.

नोट्सही घाईने काढू नयेत. पहिल्या वाचनात सगळेच महत्त्वाचे वाटते, त्यामुळे तेव्हा काढलेल्या नोट्स म्हणजे पुस्तकाची हस्तलिखित प्रत होते. दुसऱ्या वाचनानंतर, जुने प्रश्न सोडवून झाल्यावर, अभ्यासक्रमातल्या एका घटकाला ए-फोर आकाराचा एकच कागद द्यावा. मावत नसेल तर कागद वाढवू नये, मजकूर गाळावा. गाळताना जो विचार करावा लागतो तोच डोक्यात राहतो.

चालू घडामोडींवर सर्वाधिक वेळ वाया जातो. वृत्तपत्र दोन-अडीच तास वाचणारे उमेदवार आम्ही पाहतो. घड्याळ लावून पाऊण तास, फार तर एक तास. पक्षांतरे, आरोप-प्रत्यारोप, गुन्ह्यांच्या बातम्या सोडून द्याव्यात. न्यायालयांचे घटनात्मक निर्णय, संसदेतली आणि विधिमंडळातली विधेयके, सरकारी अहवाल, योजनांतले बदल, पर्यावरण आणि शेतीचे प्रश्न, आंतरराष्ट्रीय करार एवढे घ्यावे. टिपण तारखेनुसार ठेवू नये. राज्यपालांनी विधेयके रोखल्याची बातमी असेल तर ती 'राज्यपाल, विधेयकांना संमती, अनुच्छेद २००' या कागदावर तीन ओळींत जावी. तारीखवार भरलेली जाड वही परीक्षेच्या आधी कुणीच उघडत नाही. कारण त्यात राज्यपाल शोधायला वर्षभराची पाने उलटावी लागतात. राज्यसेवेसाठी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी आणि 'लोकराज्य', केंद्रीय परीक्षेसाठी केंद्राची आर्थिक पाहणी, अर्थसंकल्प आणि पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, निवडक टिपणे. तयार मासिके वापरायला हरकत नाही, पण ती उजळणीसाठी. बातमीचा अभ्यासक्रमाशी सांधा जुळवण्याचे काम दुसऱ्याने केले की परीक्षेत आपल्याला ते जमत नाही.

पूर्वपरीक्षेसाठी सराव चाचण्या सगळेच देतात आणि गुण पाहून वही मिटवतात. दोन तासांच्या चाचणीला विश्लेषणाचे चार तास द्यायला हवेत. चुकांची एक स्वतंत्र वही करावी आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे : हे कधी वाचलेच नव्हते, वाचले होते पण आठवले नाही, प्रश्नच नीट वाचला नाही, किंवा अंदाज फसला. चारही चुकांचे उपाय वेगवेगळे आहेत. पहिलीला वाचन हवे, दुसरीला उजळणी. तिसऱ्या चुकीला पुस्तक अजिबात उपयोगी नाही. तिथे 'अयोग्य विधान ओळखा' यातल्या 'अयोग्य' शब्दाखाली पेनाने रेघ मारण्याची सवय लागते. पाच चाचण्यांनंतर ही वही उघडून मोजले की आपले गुण कुठे गळतात ते दिसते. अनेकांचे गळतात ते तिसऱ्या कारणाने, आणि ते मात्र आणखी एक पुस्तक विकत आणत असतात.

अंदाजाविषयी बोलायला शिक्षक कचरतात, पण त्यात साधे गणित आहे आणि ते उमेदवाराला माहीत असायला हवे. केंद्रीय पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात प्रश्न २ गुणांचा आणि चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग वजा. चारही पर्याय सारखेच वाटणारे १२ प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरीने ३ बरोबर येतील, ६ गुण मिळतील; ९ चुकतील, ६ गुण जातील. हाती शून्य. पण एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर त्याच १२ प्रश्नांत ४ बरोबर, ८ चूक, म्हणजे सुमारे २.६७ गुणांचा फायदा. दोन पर्याय बाद झाले तर ६ बरोबर, ६ चूक, ८ गुणांचा फायदा. राज्यसेवेत प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग वजा होतो, त्यामुळे तिथे अंदाजाची शिक्षा थोडी सौम्य आहे. ही सरासरी आहे. एखाद्या दिवशी १२ पैकी एकच बरोबर येऊ शकते. म्हणून प्रत्येक सराव चाचणीत अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांवर खूण करावी आणि त्यांतले किती बरोबर आले ते वेगळे मोजावे. दहा-बारा चाचण्यांनंतर आपला अंदाज किती भरवशाचा आहे, हे प्रत्येकाला आकड्यांत कळते. एक सावधगिरी : २०२३ पासून केंद्रीय परीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत' अशा धर्तीचे प्रश्न मोठ्या संख्येने आले. तिथे एक विधान चुकीचे आहे हे ठाऊक असून भागत नाही. प्रत्येक विधान पक्के माहीत असावे लागते. वर सांगितलेला लाल शाईचा कागद अशा वेळी कामाला येतो.

सीसॅटकडे, म्हणजे पूर्वपरीक्षेतल्या गणित, बुद्धिमत्ता आणि उताऱ्यांच्या दुसऱ्या पेपरकडे, दुर्लक्ष ही दरवर्षीची शोकांतिका आहे. हा पेपर आता दोन्हीकडे फक्त पात्रतेचा आहे, ३३ टक्के पुरेत, म्हणून तो शेवटच्या पंधरवड्यावर टाकला जातो. केंद्रीय परीक्षेत २०० पैकी ६६ गुण हवेत, ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. ४० प्रश्न सोडवून ३० बरोबर आणि १० चूक आले तर ७५ मधून ८.३३ वजा होऊन ६६.६७ उरतात. म्हणजे जेमतेम पार. ३० ऐवजी २९ बरोबर आले की पहिल्या पेपरात कितीही गुण असोत, वर्ष संपले. कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणित-बुद्धिमत्तेसाठी आणि इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्याने उताऱ्यांसाठी पहिल्या महिन्यापासून आठवड्याला तीन तास काढलेच पाहिजेत. विज्ञान-अभियांत्रिकीच्या मुलांनीही गृहीत धरू नये. घड्याळ लावून एक जुना पेपर पूर्ण सोडवावा आणि मग ठरवावे.

उत्तरपत्रिकेत वर्तुळे रंगवण्याचाही सराव लागतो. सगळे प्रश्न सोडवून शेवटच्या दहा मिनिटांत शंभर वर्तुळे रंगवायला बसणाऱ्याचा एखादा प्रश्न सुटलेला असतो आणि पुढची सगळी उत्तरे एक घर सरकतात. प्रश्नपत्रिकेचे एक पान झाले की त्या पानाची वर्तुळे रंगवावीत. घरच्या चाचणीतही ओएमआरची छापील प्रत आणि काळे बॉलपेन वापरावे.

मुख्य परीक्षेबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे आणि वर्षानुवर्षे पर्याय निवडण्याची सवय लागलेल्या हजारो उमेदवारांचा हात लिहायला वळत नाही. केंद्रीय परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तिन्ही पेपरांचा नेहमीचा साचा बघा : २५० गुण, तीन तास, २० प्रश्न; त्यांपैकी १० प्रश्न दहा गुणांचे, १५० शब्दांत, आणि १० प्रश्न पंधरा गुणांचे, २५० शब्दांत. म्हणजे सुमारे ४,००० शब्द. अशा दोन पेपरांचा दिवसही येतो : सकाळी एक, दुपारी एक. दहा गुणांच्या उत्तराला साडेसहा मिनिटे, पंधरा गुणांच्या उत्तराला साडेदहा मिनिटे धरली तर १७० मिनिटे होतात आणि दहा मिनिटे हातात राहतात. हा वेग आठवड्यातून एकदा लिहून येत नाही.

इथे उमेदवार म्हणतात, 'आधी अभ्यासक्रम संपू दे, मग लिहायला लागतो.' अभ्यासक्रम संपत नाही. पूर्व आणि मुख्य परीक्षेत साधारण तीनच महिने असतात आणि तेव्हा लिहायला सुरुवात केलेल्याला पहिला महिना हात दुखण्यातच जातो. पहिल्या महिन्यापासून रोज एक उत्तर. त्या दिवशी जो घटक वाचला त्याच्यावरचा जुना प्रश्न, साडेसहा मिनिटांत, रेघी कागदावर. पहिले एक मिनिट प्रश्न वाचायला आणि समासात तीन-चार शब्दांचा सांगाडा मांडायला. प्रश्नाचे शेवटचे क्रियापद आधी पाहावे. 'विशद करा' असेल तर मुद्दे उलगडून दाखवायचे. 'चिकित्सक परीक्षण करा' असेल तर दोन्ही बाजू तपासून आपले मत द्यायचे. 'ग्रामसभा सक्षम का होत नाही, चिकित्सक परीक्षण करा' या प्रश्नाला ७३व्या घटनादुरुस्तीचा इतिहास लिहिणारी उत्तरे ढिगाने येतात. १५० शब्दांपैकी ७० शब्द प्रस्तावनेत जातात. निधी, कर्मचारी, महिला सदस्यांच्या जागी त्यांच्या नातेवाइकांनी चालवलेला कारभार, ग्रामसभेची कमी गणसंख्या हे मुद्दे शेवटी दोन ओळींत कोंबले जातात. प्रस्तावना दोन वाक्यांची. पुढे चार-पाच मुद्दे आणि प्रत्येकाला एक ठोस आधार : कलम, समिती, आकडा किंवा योजना. शेवटी एक-दोन वाक्ये.

दुसरा दोष पूर्ण पेपर लिहिल्याशिवाय दिसत नाही. पहिली पाच उत्तरे मनापासून, ठरवलेल्या शब्दांपेक्षा जास्त लिहिली जातात आणि शेवटचे तीन प्रश्न कोरे राहतात. पंधरा गुणांचे तीन प्रश्न सोडले म्हणजे ४५ गुणांवर पाणी. पहिल्या पाच उत्तरांतल्या जादा शब्दांनी त्यांतले फार तर दोन-तीन भरून निघतील. म्हणून रोजच्या उत्तरालाही गजर लावावा आणि गजर वाजला की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवावे. हे कठोर वाटते, पण हाताला वेळेचे माप असेच कळते. पूर्वपरीक्षा झाल्यावर आठवड्याला एक पूर्ण पेपर, एकाच बैठकीत. निबंधाचा पेपर तीन तासांचा आणि दोन निबंधांचा असतो. त्याचा सराव पंधरवड्यातून एकदा पुरे.

केंद्रीय परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सवय लागते. सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच छापल्या जातात. उत्तर मराठीत लिहायचे असते. घरी सराव करताना प्रश्न मराठी पुस्तकातून घेतला की ही पायरी गळते आणि परीक्षेच्या दिवशी प्रत्येक प्रश्नामागे मिनिटभर अर्थ लावण्यात जाते. सरावाचा प्रश्न मूळ इंग्रजीतच वाचावा आणि उत्तर थेट मराठीत उतरवावे. सक्तीच्या इंग्रजी आणि भारतीय भाषेच्या पेपरांत प्रत्येकी २५ टक्के गुण लागतात. ते मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. भाषेच्या पेपरांसाठी आठवड्याला एक सारांशलेखन एवढे तरी करावे.

लिहिलेले कुणी तपासावे, हा खरा अडथळा. शुल्क भरून तपासून घेणे सगळ्यांना परवडत नाही. तिघांचा गट करावा, चौथा नको. मोठ्या गटात गप्पा होतात. तिघांनी एकच प्रश्न लिहावा, वह्या बदलाव्यात आणि समासात तीनच गोष्टी लिहाव्यात : प्रश्नाचा कोणता भाग सुटला, कोणते विधान आधाराशिवाय आहे, कुठे शब्द वाया गेले. 'छान', 'सुधारणा हवी' असे शेरे निरुपयोगी आहेत.

राहिला प्रश्न दिवसाच्या आखणीचा. चौदा तासांचे वेळापत्रक तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोडते आणि मोडले की मुले स्वतःलाच दोष देतात. सुरुवात अशा मापाने करावी जे सर्वांत वाईट दिवशीही पाळता येईल, दोन तास असले तरी चालेल. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास वाढवावा. सुरुवातीची वेळ आणि जागा बदलू नये. आदल्या रात्रीच पुस्तक ठरलेल्या पानावर उघडून ठेवावे आणि पहिला प्रश्न कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे सकाळी 'आज काय करू' यात अर्धा तास जात नाही. पन्नास मिनिटे काम, दहा मिनिटे उठून फिरणे. त्या दहा मिनिटांत मोबाइल नको. मोबाइल शांत करून टेबलावर उलटा ठेवणे पुरत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. कसून सहा-सात तास काम झाले तर दिवस सार्थकी लागला. नोकरी करणाऱ्याने रोजचे अडीच-तीन तास आणि रविवार नीट सांभाळला तरी तो मागे पडत नाही. फक्त त्याला पुस्तके अधिक काटेकोरपणे निवडावी लागतात. झोप सात तास. जागरणाने मिळवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी डुलक्यांत जातात आणि वाचलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच होते. शेवटच्या महिन्यात परीक्षेच्या वेळीच, सकाळी आणि दुपारी, चाचणीला बसावे. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याचे डोके सकाळी साडेनऊला एकाएकी चालू लागत नाही.

पालकांना एक कळकळीची विनंती. फोनवर 'आज किती तास झाले?' असे विचारू नका. 'आज काय वाचलेस ते मला सांग', असे म्हणा. मुलगी आईला महागाई आणि व्याजदराचा संबंध पाच मिनिटांत समजावून सांगू शकली तर त्या दिवशीची उजळणी झाली. आणि किती प्रयत्न करायचे, हे पहिल्या प्रयत्नाआधीच घरात बसून ठरवा. केंद्रीय परीक्षेत खुल्या प्रवर्गाला वयाच्या ३२ पर्यंत सहा प्रयत्न मिळतात; पण ती नियमाने घातलेली कमाल मर्यादा आहे, सहाही वापरलेच पाहिजेत असे नाही. हातात दुसरा मार्ग असलेला उमेदवार अभ्यासही शांतपणे करतो.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. यशस्वी उमेदवारांच्या मुलाखतींत तासांचा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी उजळणी कशी केली, पहिले उत्तर कोणत्या महिन्यात लिहिले, चुकांचे काय केले आणि कोणते साहित्य वाचायचे नाही असे ठरवले, हे विचारावे. जमल्यास त्यांच्या तपासलेल्या उत्तराचे एखादे पान, खाडाखोडीसह, छापावे. दुसरी मागणी : दर सोमवारी जुन्या मुख्य परीक्षेतला एक प्रश्न प्रसिद्ध करावा, वाचकांकडून १५० शब्दांतली हस्तलिखित उत्तरे मागवावीत आणि पुढच्या सोमवारी त्यांतले एक उत्तर समासातल्या शेऱ्यांसह छापावे, नाव न देता. क्लासपर्यंत पोहोचू न शकणाऱ्या मुलामुलींना तपासलेले उत्तर कसे दिसते हे त्यातून निदान पाहायला मिळेल. उत्तरे तपासण्याचे काम आम्ही विनामूल्य करायला तयार आहोत.

आपले,
स्पर्धा परीक्षांचे काही शिक्षक